ज्येष्ठ धावपटूंच्या रक्तशर्करेविषयी : शर्यतींच्या संयोजकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील मॅरेथॉन, अर्धमॅरेथॉन व ज्येष्ठांच्या मैदानी स्पर्धांची संयोजक मंडळे आणि त्यांची वैद्यकीय पथके यांस,



पुण्यात १९८३ पासून आणि मुंबईत २००४ पासून भरत आलेल्या मॅरेथॉन शर्यतींनी, आणि त्यांच्या पाठोपाठ जिल्ह्याजिल्ह्यांत उभ्या राहिलेल्या अर्धमॅरेथॉनांनी, महाराष्ट्रात एक नवा क्रीडावर्ग घडविला आहे : पन्नाशी-साठी ओलांडलेला, हौसेपुरते न पळता आपल्या वयोगटात क्रमांक मिळावा म्हणून वर्षभर सराव करणारा स्पर्धक. मैदानी खेळांत अशा खेळाडूंना जगभर ‘मास्टर्स’ म्हणतात आणि वयाच्या ३५व्या वर्षापासून पाच-पाच वर्षांचे गट पाडून त्यांच्या स्पर्धा घेतल्या जातात. या वर्गाच्या रक्तातील साखरेविषयी संयोजकांत, वैद्यकीय तंबूंत आणि खुद्द धावपटूंत दोन समज एकाच वेळी नांदतात. एक असा, की जो बेचाळीस किलोमीटर पळतो त्याला मधुमेह होऊच शकत नाही. दुसरा असा, की साखरेचा आकडा मर्यादेबाहेर गेलेला ज्येष्ठ माणूस शर्यतीला अपात्रच समजावा. दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि नोंदणी अर्जातील ‘मधुमेह आहे काय?’ या होय-नाहीच्या एका चौकटीत ते दोन्ही सुखाने सामावतात. ही चौकट बदलावी आणि तिच्या आगेमागे आणखी काही गोष्टी व्हाव्यात, एवढ्यासाठी हे पत्र.

प्रौढ माणसाच्या सुमारे पाच लिटर रक्तात ग्लुकोज असते ते साधारण पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचाभर. यकृतात ग्लायकोजेनच्या, अर्थात साठवलेल्या ग्लुकोजच्या, रूपात सुमारे शंभर ग्रॅम असते आणि स्नायूंत त्याच्या तिप्पट-चौपट. जेवणानंतर रक्तात येणारी साखर मोठ्या प्रमाणावर रिचवतात ते स्नायूच, आणि त्यांच्या पेशींत ग्लुकोज नेण्याचे काम ग्लुट-४ नावाचे वाहक प्रथिन करते. हे प्रथिन एरवी पेशीच्या आत दडलेले असते. स्वादुपिंडातून स्रवणाऱ्या इन्सुलिनचा संदेश मिळाला की ते पृष्ठभागावर येते, आणि स्नायू आकुंचन पावू लागला की इन्सुलिनची वाट न पाहताही येते. व्यायाम संपल्यावर रिकामे झालेले साठे भरून काढण्यासाठी हेच स्नायू पुढचे एक-दोन दिवस थोड्या इन्सुलिनवर अधिक ग्लुकोज ओढून घेतात. वाढत्या वयात स्नायूंचे वस्तुमान घटते, पोटाच्या पोकळीतील चरबी वाढते आणि इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी मंदावतात. त्यामुळे उपाशीपोटीची साखर थोडी आणि जेवणानंतरची साखर त्याहून अधिक, अशी दोन्ही हळूहळू वर सरकत जाते.

हे सरकणे वयामुळे होते की वयाबरोबर येणाऱ्या बैठेपणामुळे, या प्रश्नाचा छडा लावण्यासाठी ज्येष्ठ धावपटूंइतका उपयुक्त माणूस दुसरा नाही, हे अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन हॉलोझी यांच्याबरोबर काम करणाऱ्या संशोधकांनी फार पूर्वी ओळखले होते. १९८४ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की साठीच्या आसपासचे, नियमित सराव असलेले धावपटू ग्लुकोजचे द्रावण प्यायल्यावर ते रिचविण्यासाठी तरुण धावपटूंइतकेच थोडे इन्सुलिन वापरतात. म्हणजे वयाच्या नावावर खपविल्या जाणाऱ्या बिघाडाचा बराचसा भाग प्रत्यक्षात न वापरलेल्या स्नायूंचा असतो. ज्येष्ठ खेळाडूंच्या मेळाव्यांत हा निष्कर्ष आवडीने सांगितला जातो. त्याच विद्यापीठातून १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा अभ्यास मात्र सहसा कोणी सांगत नाही. त्यात ज्येष्ठ खेळाडूंना केवळ दहा दिवस सराव बंद ठेवायला लावले गेले आणि तेवढ्या अवधीत त्यांची ग्लुकोज रिचविण्याची क्षमता खालावली. वर्षानुवर्षांच्या मेहनतीने मिळणारे हे संरक्षण बहुतांशी रोजंदारीवरचे आहे. गुडघा दुखावला, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, घरात लग्नकार्य निघाले किंवा पावसाळ्यात पायवाटा निसरड्या झाल्या, की तरुण धावपटूचा फक्त वेग जातो. साठीच्या धावपटूच्या बाबतीत वेगाबरोबर साखरेवरचा ताबाही सैल होऊ लागतो, आणि तो सैल होताना काहीही दुखत नाही.

भारतीय, आणि त्यातही महाराष्ट्रीय, धावपटूच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेह संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटे टिपण छायाचित्रासह प्रसिद्ध केले. दोघांचा देहभार निर्देशांक, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, अगदी सारखा, २२.३ इतका होता. परंतु क्ष-किरण तपासणीत युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. या टिपणात जीवनशैलीतील फरकाची मिस्कील नोंदही आहे : युडकिन मॅरेथॉन पळत असत, तर याज्ञिक यांची धाव असे ती रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी ते गाठण्यापुरती. परंतु फरकाचे सगळे श्रेय मॅरेथॉनला देता येत नाही, कारण गर्भावस्थेतील अपुऱ्या पोषणाचा आणि कमी जन्मवजनाचा संबंधही तेथेच सुचविलेला आहे, आणि बारीक अंगाच्या भारतीय माणसाच्या पोटात दडलेल्या चरबीचा पाठपुरावा याज्ञिक यांच्या गटाने पुढे दीर्घकाळ केला. शर्यतीच्या संयोजकांनी यातून घ्यायचा अर्थ सरळ आहे. सुरुवातीच्या रेषेवर उभा असलेला सडपातळ, काटक, साठीचा गृहस्थ पाहून त्याच्या साखरेविषयी काहीही अनुमान करता येत नाही. विशेषतः पंचेचाळिशी-पन्नाशीपर्यंत कचेरीत बसून काम केल्यावर, कित्येकदा डॉक्टरांनी अहवाल पाहून बजावल्यावरच, ज्याने पळायला सुरुवात केली त्याच्याविषयी तर नाहीच. महाराष्ट्रातील ज्येष्ठ धावपटूंत असे उशिरा आलेले खूप आहेत, आणि पन्नास वर्षे खंड न पडता पळत आलेल्या युरोपीय धावपटूंवरील निष्कर्ष त्यांना जसेच्या तसे लावणे धाडसाचे ठरेल.

उच्च दर्जाचा खेळ आणि मधुमेह यांचे वैर नाही, हे सांगायला दोन सार्वजनिक उदाहरणे पुरेशी आहेत. ब्रिटनचे नौकापटू स्टीव्ह रेडग्रेव्ह यांना १९९७ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, मधुमेहाचे निदान झाले आणि तरीही इन्सुलिन घेत त्यांनी २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये आपले सलग पाचवे सुवर्णपदक मिळविले. दक्षिण आफ्रिकेतील क्रीडावैद्यक टिम नोक्स यांचे उदाहरण ज्येष्ठ धावपटूंना अधिक जवळचे आहे. सत्तरहून अधिक मॅरेथॉन व अतिदीर्घ शर्यती पळालेले, धावण्याच्या शास्त्रावर जगभर वाचला गेलेला ग्रंथ लिहिणारे आणि त्या ग्रंथातून धावपटूंना भरपूर पिष्टमय आहाराची शिफारस करणारे नोक्स साठीच्या उंबरठ्यावर स्वतःच प्रकार-२ मधुमेहाचे रुग्ण निघाले. त्यांच्या वडिलांचा मृत्यूही याच आजाराच्या गुंतागुंतीने झाला होता. त्यानंतर त्यांनी आहाराविषयीची आपली मते पार उलटी फिरविली, आणि त्या नव्या मतांवर वैद्यकीय वर्तुळात बराच वाद झाला. तो वाद बाजूला ठेवला तरी एवढे उरतेच, की आनुवंशिकता आणि रोजचा आहार यांच्यापुढे किलोमीटरांची बेरीज नेहमीच पुरी पडत नाही.

याच्या उलट टोकाला, निरोगी धावपटूचा अहवाल आजारी माणसासारखा दिसण्याचेही अनेक प्रसंग असतात, आणि प्रमाणपत्रे मागणाऱ्या संयोजकांना ते माहीत असणे अगत्याचे आहे. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे दर शंभर मिलिलिटर रक्तात तेवढे मिलिग्रॅम, असेल तर अमेरिकन मधुमेह संघटनेच्या निकषाप्रमाणे ती मधुमेहपूर्व अवस्था होय आणि १२६ पासून पुढे मधुमेह. जागतिक आरोग्य संघटना मात्र पहिली रेषा ११० वर आखते. म्हणजे १०५ आकडा आलेला धावपटू एका निकषाने मधुमेहाच्या वाटेवर आणि दुसऱ्याने निर्दोष ठरतो. त्यातच तीव्र वेगाच्या सरावात ॲड्रेनलिनसारख्या संप्रेरकांच्या आदेशाने यकृत जेवढे ग्लुकोज रक्तात सोडते तेवढे स्नायू त्या क्षणी उचलू शकत नाहीत, त्यामुळे चढाच्या फेऱ्या मारल्यावर किंवा चारशे मीटर जीव तोडून पळाल्यावर साखर काही काळ वरच जाते. दंडाला चिकटवून पंधरवडाभर सतत साखर मोजणारी यंत्रे आता हौशी धावपटूही वापरू लागले आहेत आणि पडद्यावरची ही उसळी पाहून घाबरे होत आहेत. तो आजार नव्हे, शरीराचे नेहमीचे कामकाज आहे. कमी पिष्टमय आहार घेणाऱ्यांची सकाळची साखर किंचित वर राहते, कारण त्यांचे स्नायू चरबीवर चालत असल्याने ग्लुकोज रक्तात शिल्लक राहते. अशा माणसाने आधीचे तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम पिष्टमय पदार्थ न खाता ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन तपासणी केली, तर निष्कर्ष विनाकारण वाईट येतो.

साताऱ्याच्या डोंगरी अर्धमॅरेथॉनचे उदाहरण येथे देण्याजोगे आहे. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने जायचे आणि तोच घाट उतरून परत यायचे, अशी तिची आखणी असल्यामुळे शेवटचे कित्येक किलोमीटर सलग उतार लागतो. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावतात आणि त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. अशा इजेनंतर एक-दोन दिवस, एरवीच्या व्यायामाच्या अगदी उलट, स्नायू इन्सुलिनला नीट जुमानत नाहीत. रविवारी शर्यत करून, सोमवारी रजा आहेच तर रक्त देऊन येऊ, असा विचार करणाऱ्या ज्येष्ठ धावपटूच्या हाती त्यामुळे नको तो अहवाल पडू शकतो. शर्यतीच्या पिशवीत जाहिरातींबरोबर पॅथॉलॉजी प्रयोगशाळेचे सवलत कूपन असते तेव्हा त्यावर ‘शर्यतीनंतर किमान चार-पाच दिवसांनी’ एवढे छापून घेणे संयोजकांना अवघड नाही.

लोक ज्याला तीन महिन्यांची सरासरी म्हणतात ती एचबीएवनसी चाचणीसुद्धा धावपटूच्या बाबतीत डोळे मिटून मानण्यासारखी नाही. लाल रक्तपेशींतील किती टक्के हिमोग्लोबिनला ग्लुकोज चिकटले आहे हे ती मोजते, आणि पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे धरते. लांब पल्ल्याच्या धावण्यात तळपायांच्या आघाताने काही पेशी लवकर फुटतात, रक्तात तरुण पेशींचे प्रमाण वाढते आणि आकडा असतो त्यापेक्षा चांगला दिसतो. उलट लोहाच्या कमतरतेत, जी शाकाहारी ज्येष्ठ स्त्रियांत दुर्मीळ नाही, पेशी जास्त काळ टिकतात आणि आकडा असतो त्यापेक्षा वाईट दिसतो. ५.७ ते ६.४ टक्के मधुमेहपूर्व आणि ६.५ पासून मधुमेह, हे निकष सर्वसामान्य लोकांसाठी उपयुक्तच आहेत. परंतु वयोगटात पहिला येणाऱ्या पासष्टीच्या धावपटूचे ५.८ आणि बैठ्या माणसाचे ५.८ यांचा अर्थ एकच असतो असे मानणारा डॉक्टर घाई करतो आहे. आकडा सीमेवर असेल तर उपाशीपोटीची साखर, ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी घेतलेली साखर आणि हिमोग्लोबिन व फेरिटिन (शरीरातील लोहसाठ्याचे माप) यांची तपासणी एकत्र पाहणे हाच धोपटमार्ग आहे. एका कागदावर शर्यतीची दारे बंद होऊ नयेत, आणि एका कागदावर ती सताड उघडूही नयेत.

यातील एक खूण मात्र कधीही सौम्यपणे घेऊ नये. पन्नाशीनंतर, घराण्यात मधुमेह नसताना, साखर अचानक वाढली आणि त्याच काळात वजन उतरू लागले, तर स्वादुपिंडाच्या आजाराची, क्वचित कर्करोगाचीही, शक्यता तपासावी लागते. किंवा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच बीटा पेशींवर उलटणारा, उशिरा प्रकटणारा मधुमेह असू शकतो, ज्याला गोळ्या पुरत नाहीत. धावपटूंच्या गटांत वजन उतरणे ही बातमी नसून अभिनंदनाचा विषय असतो. चार किलो कमी झाले म्हणून गटावर अंगठ्यांचा पाऊस पडतो, आणि आहारात व सरावात काहीही बदल केलेला नसताना ते का कमी झाले, हे कोणी विचारत नाही.

आता औषधांविषयी, कारण संयोजकांच्या हातात सर्वांत जास्त आहे ते येथे. ‘मधुमेह आहे काय?’ या प्रश्नाला ‘होय’ उत्तर देणारे दोन स्पर्धक वैद्यकीयदृष्ट्या अगदी वेगळ्या जातीचे असू शकतात. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर शर्यतीत धोकादायकपणे खाली जाण्याचा संभव फार कमी असतो. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड घेणाऱ्याच्या शरीरात मात्र गोळीच्या रेट्याने इन्सुलिन स्रवत राहते. एरवी व्यायाम सुरू होताच स्वादुपिंड इन्सुलिनचा ओघ आपणहून कमी करते, पण गोळी ते होऊ देत नाही, आणि एकीकडे गोळीचे इन्सुलिन व दुसरीकडे पळणारे स्नायू अशा दोन्ही बाजूंनी रक्तातील ग्लुकोज उपसले जाते. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनचेही तसेच. ७० च्या खाली साखर गेली की सावध व्हायचे आणि ५४ च्या खाली ती गंभीर समजायची, हा सर्वमान्य संकेत आहे. परंतु ज्येष्ठ माणसाला ती खाली गेल्याचे स्वतःला कळेलच असे नाही, कारण थरथर, धडधड, घाम ही शरीराची धोक्याची घंटा वयानुसार क्षीण होते. त्यातून तो रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेत असेल तर थरथर आणि धडधड जवळजवळ दबूनच जाते. उरतो घाम, आणि तिसाव्या किलोमीटरला घाम कोणाला नसतो? अशा वेळी पहिली खूण स्वयंसेवकाला दिसते ती वागण्यात : विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर, उगाच हट्ट, जीभ जड होणे, सरळ रेषेत न पळता दुभाजकाकडे कलणे. साखर घसरण्याचा धोका अंतिम रेषेवर संपत नाही. रिकामे स्नायू रात्रभर साठा भरत राहतात आणि संध्याकाळची नेहमीची मात्रा घेऊन, दमल्यामुळे न जेवता झोपलेल्या माणसाची साखर पहाटेच्या सुमारास कोसळू शकते.

एसजीएलटी-२ रोधक या नव्या वर्गातील गोळ्यांचा धोका निराळा, आणि तंबूतल्या डॉक्टरलाही चकविणारा आहे. डॅपाग्लिफ्लोझिन हे त्यातले औषध पेटंटची मुदत २०२० मध्ये संपल्यापासून भारतात स्वस्त झाले आणि आता ते मधुमेहासाठीच नव्हे तर हृदय व मूत्रपिंडाच्या आजारांतही सर्रास दिले जाते. ते साखर लघवीवाटे बाहेर टाकते, तिच्याबरोबर पाणीही जाते. आणि उपास, निर्जलीकरण व दीर्घ श्रम एकत्र आले तर चरबीच्या ज्वलनातून तयार होणारी कीटोन आम्ले रक्तात साचून गंभीर आम्लता येऊ शकते, तीही साखर फारशी न वाढता. मळमळ, उलटी, पोटदुखी, खोल श्वास ही तिची लक्षणे आणि दमलेल्या मॅरेथॉन धावपटूची लक्षणे यांत बाहेरून फरक दिसत नाही. ग्लुकोमीटर १६० दाखवतो, तपासणारा ‘शुगर ठीक आहे’ म्हणतो आणि रुग्णाला पंख्याखाली बसवून ठेवले जाते. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी हे औषध किमान तीन दिवस थांबवावे, अशी सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये दिली. मॅरेथॉनपूर्वी काय करावे हे प्रत्येक स्पर्धकाने आपल्या डॉक्टरांना शर्यतीच्या निदान पंधरवडाभर आधी विचारावे, असे संयोजकांनी त्याला कळविणे हे किमान कर्तव्य ठरते. कीटोन मोजणाऱ्या पट्ट्या वैद्यकीय तंबूत ठेवायला लागणारा खर्च पदकांच्या फितींच्या खर्चापेक्षा जास्त नाही.

तेव्हा अर्जात ‘मधुमेह आहे काय?’ याऐवजी ‘साखरेसाठी, रक्तदाबासाठी व हृदयासाठी कोणती औषधे घेता?’ असा प्रश्न असावा, त्याचे उत्तर गुप्त राहील आणि केवळ त्या उत्तरावरून नोंदणी नाकारली जाणार नाही हे ठळकपणे लिहावे, आणि इन्सुलिन किंवा साखर कोसळविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या क्रमांकपट्टीच्या मागच्या बाजूवर तसे नमूद करण्याची सोय ठेवावी. नाकारले जाण्याची भीती असली की लोक ‘नाही’ लिहितात. एवढी साधी गोष्ट अर्ज तयार करणाऱ्यांच्या ध्यानात कशी येत नाही, याचे नवल वाटते.

वाटेवरच्या मदतकेंद्रांतील एक बारकावा सांगण्याजोगा आहे. स्वयंसेवक संत्र्याच्या फोडी, केळ्याचे तुकडे, मीठ लावलेले बटाटे, गूळ-शेंगदाण्याची चिक्की पुढे करतात. धावपटू त्या उचलतो, जेलची पुडी दाताने फाडतो आणि बोटांना पाक लागतो. पुढच्या तंबूत त्याच बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला, तर यंत्र बोटावरची साखरही मोजते, आणि प्रत्यक्षात ६० असलेला आकडा सुखरूप दिसू शकतो. स्पिरिटचा बोळा एकदा फिरवून हा चिकटा नीट निघेलच असे नाही. बोट साध्या पाण्याने धुऊन, पुसून, मगच टोचावे लागते, आणि पाण्याची बाटली हाताशी नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्यावा लागतो. अंतिम रेषेजवळच्या तंबूत साखरेने चिकट झालेले हात घेऊन येणारा प्रत्येक स्पर्धक हा खोट्या आकड्याचा संभाव्य बळी असतो. साखर खाली गेलेली आणि माणूस शुद्धीवर असेल तर त्याला थांबवून साधारण पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार चमचे पाण्यात विरघळवून, द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. चिक्की किंवा चॉकलेट येथे कामाचे नाही, कारण त्यातील स्निग्धांश साखरेचे शोषण लांबवितो. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात काहीही ओतू नये.

जेलविषयी थोडे. एका पुडीत बहुधा वीस-पंचवीस ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात, आणि मधुमेहाच्या धास्तीने अनेक ज्येष्ठ धावपटू ते टाळून पाण्यावरच शर्यत काढू पाहतात. पळताना घेतलेली साखर आणि खुर्चीत बसून घेतलेली साखर यांचा शरीरात सारखा हिशेब होत नाही. चालू स्नायू ती लगेच उचलतात आणि इन्सुलिनची पातळी खालीच राहते, म्हणून दोन तासांहून लांब शर्यतीत तासाला तीस ते साठ ग्रॅम घेण्याची क्रीडापोषणातील शिफारस पन्नाशीनंतरही बहुतेकांना लागू पडते. रविवारच्या लांब पल्ल्यानंतर होणाऱ्या मिसळपावाच्या आणि जिलेबीच्या बैठकींवर कोरडे ओढण्याचा मोह आहारतज्ज्ञांना होतो. खरे तर आठवड्यातील साखर रिचविण्याची सर्वांत चांगली वेळ तीच असते. नुकसान होते ते, पाय प्लास्टरमध्ये असतानाही ती बैठक न चुकविण्याने. गोळाफेक-थाळीफेक करणाऱ्यांच्या आणि वजने उचलणाऱ्यांच्या स्नायूंचा साठा मोठा असतो आणि तो साखरेच्या दृष्टीने फायद्याचाच. धावपटूंनी आठवड्यातून दोनदा वजने उचलावीत ही शिफारस त्यामुळे सौंदर्याची नसून साठवणुकीची आहे.

एक कायदेशीर बाबही आहे, जी राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय मास्टर्स स्पर्धांना खेळाडू पाठविणाऱ्या संघटनांकडून बहुधा शेवटच्या घडीला आठवली जाते. जागतिक उत्तेजक-प्रतिबंधक संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या, यादीत इन्सुलिन हे निषिद्ध द्रव्य आहे. मधुमेही खेळाडूला त्याची उपचारापुरती सवलत मिळते, पण ती कागदपत्रांसह मागावी लागते. मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड निषिद्ध नाहीत. मात्र ज्येष्ठ भारतीय रुग्णाच्या डबीत नेहमी सापडणाऱ्या रक्तदाबाच्या संयुक्त गोळ्यांत हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन हे मूत्रल द्रव्य असू शकते, आणि मूत्रल द्रव्ये यादीत आहेत. छातीतील वेदनेसाठी दिले जाणारे ट्रायमेटाझिडिनही आहे. दुखऱ्या गुडघ्यात किंवा खांद्यात घेतलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धाकाळात निषिद्ध झाले, शिवाय ते मधुमेही माणसाची साखर काही दिवस चांगलीच वर नेते. स्पर्धेच्या आठवड्यात सुई टोचून घेऊन मैदानात उतरण्याची सवय असलेल्या ज्येष्ठ खेळाडूला यातली एकही गोष्ट ठाऊक नसण्याचा संभव अधिक, आणि ती त्याला सांगण्याची जबाबदारी निवड जाहीर करणाऱ्या संघटनेची आहे.

शेवटची विनंती शर्यतीला न आलेल्यांविषयी आहे. प्रत्येक संयोजक मंडळाकडे दरवर्षी एक यादी तयार होते आणि तिचे कोणी काही करत नाही : नोंदणी केली, शुल्क भरले, परंतु क्रमांकपट्टी नेली नाही किंवा सुरुवातीची चटई ओलांडली नाही, अशा स्पर्धकांची. त्यांतील पन्नाशीवरच्या अनेकांच्या अनुपस्थितीचे कारण दुखापत, शस्त्रक्रिया किंवा आजारपण हे असणार. म्हणजे ज्यांचा सराव दहा दिवसांहून कितीतरी अधिक काळ बंद आहे, ज्यांची भूक अजून धावपटूचीच आहे आणि जे स्वतःला अजून सुरक्षित समजत आहेत, असे हे लोक. पुढील हंगामाच्या नोंदणीच्या जाहिराती त्यांच्या भ्रमणध्वनीवर पाठविल्या जातातच. त्यांच्याआधी, शर्यतीनंतरच्या महिन्यात, उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर तपासून घ्यावी, पाय चालत नसतील तर बसून हातांचे व्यायाम करावेत, साखरेच्या औषधांची मात्रा सरावाच्या दिवसांत कमी केलेली असल्यास ती डॉक्टरांना दाखवून पुन्हा ठरवून घ्यावी, एवढा चार ओळींचा संदेश मराठीतून त्यांना पाठविला जावा.

कळावे.